दुसरी पापणी

तिसरी थाळी मांडायची असं कोलेतला कुणी सांगितलं नव्हतं. लोरेत आत्या नव्या वर्षाच्या प्रार्थनेहून आली, कोटही न काढता स्वयंपाकघरात शिरली आणि शेगडीजवळच्या लहान टेबलाकडे बघून म्हणाली, “दोनच?”

“दोनच. पापांची आणि तुमची.”

“आणि तुझ्या नवऱ्याची?”

“तो मोठ्या टेबलावर बसेल. त्याचा घसा ठीक आहे.”

“घशाचं कोण विचारतंय? ऑक्टोबरात डोळ्यावर पापणी पडली ना? मग यंदा तो इथं. माझ्या वेळी माझाही घसा ठणठणीत होता, अख्खी कोंबडी खाल्ली असती मी. तरी तुझ्या सासऱ्यानं, ओव्हीदनं, बसवलंच की मला.” आत्यानं स्वतःच कपाट उघडून थाळी काढली आणि दोन थाळ्यांच्या मध्ये ठेवली. “गास्पेकडच्या माणसांना नाही कळायचं ते.”

कोलेतला या घरात येऊन एकोणतीस वर्षं झाली होती. तीन बाळंतपणं, सासूचं शेवटचं आजारपण, दर शरद ऋतूत टनावारी वाम मासे सोलणं, सगळं तिनं निभावलं. तरी ती गास्पेकडचीच, बाहेरचीच, राहिली. एरवी तिनं आत्याला टोला दिला असता. आज ती काकवीचं भांडं ढवळत राहिली.

लिझोतांच्या घरात त्या लहान टेबलाला ‘संथ टेबल’ म्हणत. ज्यांचा घसा गेला ते तिथं जेवत. मांस बारीक कुटलेलं, बटाटा दुधात कालवलेला. घास घ्यायचा, हनुवटी छातीला लावायची, दोनदा गिळायचं, वर एक घोट पाणी, मग पुढचा घास. मोठ्या टेबलावरची माणसं पाय पसरून जांभया द्यायला लागली तरी संथ टेबलावर सूपच चाललेलं असायचं. तिकडे बघायचं नाही, हा नियम. दुसरा नियम असा, की ज्या वर्षी पापणी पडेल त्या वर्षी एक जानेवारीचं जेवण तिथं करायचं, घसा कितीही चांगला असो. एकदा बसायचं, बापाच्या हातून जिनचा छोटा पेला घ्यायचा, मग गरज पडेपर्यंत खुशाल मोठ्या टेबलावर. ओव्हीदच्या आजोबांनी ही रीत का पाडली ते कुणालाच माहीत नाही. माझा अंदाज असा, की एकट्यानं तिथं पहिल्यांदा जाऊन बसायला म्हाताऱ्याला लाज वाटली असणार.

आमच्या साँ-मार्सियाल गावात त्यांना ‘नाकवर लिझोत’ म्हणतात. दुखणं घराण्यातलंच: पुढे घसा जातो, पण त्याआधी, पन्नाशी ओलांडली की दोन्ही पापण्या हळूहळू खाली यायला लागतात, आणि समोरचं दिसावं म्हणून माणूस कपाळाला आठ्या घालून मान मागे टाकतो. परक्याला वाटतं, काय हा तोरा. तोरा थोडाफार होताही, पण तो पापण्यांमुळे नव्हता.

त्यामुळे ऑक्टोबरच्या पहिल्या आठवड्यात, ऐन वामीच्या हंगामात, चोपन्न वर्षांच्या फेर्नाँची डावी पापणी अर्ध्यावर आली, तेव्हा घरात कुणी दचकलं नाही. ओहोटीला चिखलात उतरून तो वाम अडवायचे फांद्यांचे कूड दुरुस्त करत होता. वर आला तसा ओव्हीदनं त्याला दारातच थांबवून निरखलं आणि हाक मारली, “लोरेत, ये गं, बघ. आमचा झाला हा.” त्या रात्री बाटली उघडली गेली. पापणीला चिकटपट्टी कशी लावायची, भुवईच्या वर किती ओढायची, ते ओव्हीदनं स्वतःच्या हातानं मुलाला शिकवलं. खांदा दुखतोय, करंगळीपर्यंत कळ जातेय, असं फेर्नाँ म्हणायचा. तर वामीच्या टोपल्या उचलल्या की दुखणारच. कोलेत म्हणाली, गावातल्या डॉक्टरला तरी दाखवू या. ओव्हीद म्हणाला, “डॉक्टर काय करणार? माझ्या बापाचं काय केलं? उगाच जाऊ नकोस, फेर्नाँ. हंगाम आहे.” आणि फेर्नाँ गेला नाही.

एकोणीस डिसेंबरपासून कोलेतला सगळं माहीत होतं. फेर्नाँला माहीत होतं. बाकी कुणाला नाही. तीन राजांचा सण होईपर्यंत बोलायचं नाही, असं फेर्नाँनं तिच्याकडून वदवून घेतलं होतं. सहा तारखेपर्यंत. पापांना नव्या वर्षाचा एवढा एक आशीर्वाद शांतपणे देऊ दे, म्हणाला होता तो.

आत्या कोट टांगायला गेली. कोलेतनं ती तिसरी थाळी उचलली, पुसली, आणि पुन्हा तिथंच ठेवली.

*

फेर्नाँची थोरली बहीण ह्यूगेत केबेक शहरातून आली ती धाकट्या भावाच्या, रेजाँच्या, गाडीतून. रेजाँ रिव्हिएर-द्यू-लूला शाळेत शिकवतो. पंचेचाळीस वर्षांचा, तोंडाळ, आणि आतून भेदरट. रोज सकाळी दाढी करताना तो दोन्ही पापण्यांखालचं अंतर बोटानं मोजतो, हे त्याच्या बायकोनं सगळ्यांना सांगून ठेवलेलं.

“या, बाईसाहेब,” आत्यानं ह्यूगेतला दारात गाठलं. “डोळे कसे आहेत? झोपेत मिटतात की अजून घुबडासारखी जागीच?”

“थोडेसे उघडे राहतात आत्या. मलम घालते.”

“मांडीची शीर काढून पापण्या कपाळाला बांधायच्या. देवानं दिलेलं तोंड.”

“शीर नाही, मांडीतली पट्टी असते. आणि तुम्हीही करून घ्या. जिन्यावरून पडणार नाही मग.”

“मी मान मागे टाकूनच मरणार,” आत्या म्हणाली आणि तिनं ह्यूगेतच्या गालाचा मुका घेतला. आठ वर्षांपूर्वीच्या त्या ऑपरेशनवरून या दोघी एक वर्ष बोलत नव्हत्या. आता टोमणे मारण्याइतपत बरं चाललं होतं.

ह्यूगेतचं लक्ष मात्र आत्याकडे नव्हतं. नाताळच्या आदल्या दिवशी तिनं तिच्या सर्जनच्या कचेरीत फोन केला होता. फेर्नाँसाठी तिनंच तिथं नंबर लावलेला. बारा डिसेंबरला तपासणी आणि फेब्रुवारीत ऑपरेशन. तिकडची बाई म्हणाली, तुमच्या भावाचं ऑपरेशन आम्ही काढून टाकलंय. का, ते सांगेना. ती कोलेतच्या मागोमाग कोठीच्या खोलीत गेली आणि दार लोटून घेतलं. आत सणासाठी करून गोठवलेल्या, मांस भरलेल्या पोळ्या फळ्यांवर रचून ठेवलेल्या होत्या.

“ऑपरेशन का रद्द झालं?”

“त्याला विचार.”

“तुला विचारतेय. कोलेत, माझ्याकडे बघ.”

कोलेतनं बघितलं. ह्यूगेतचे ते ताणून वर बांधलेले डोळे नेहमी थोडे आश्चर्यचकित दिसायचे. तिला राग येऊच शकत नाही असं वाटायचं, आणि कोलेतला ते कधीच आवडलं नव्हतं. आज मात्र या घरात विचारायला आलेलं हे पहिलंच माणूस होतं.

“तुझ्या सर्जननं आधी विचारलं, दुसरी पापणी केव्हा पडली,” कोलेत म्हणाली. “हा म्हणाला, पडेल अजून. तो म्हणाला, तुमच्या घराण्यातल्या चौघांचे डोळे मी शिवलेत, दोन्ही पडतात, बरोबरीनं, वर्षानुवर्षं घेत. मग त्यानं खोलीत अंधार केला आणि बॅटरी मारली. डाव्या डोळ्याची बाहुली टाचणीच्या टोकाएवढी. अंधारात मोठी होईना. विचारतो, या बाजूला घाम येतो का? हा हसून सांगतो, ऑक्टोबरात टोपी अर्धीच भिजायची.”

“अर्धी टोपी,” ह्यूगेत म्हणाली.

“मीच धुवायचे ती टोपी. मला नाही सुचलं.” कोलेतनं फळीवरचं बर्फ नखानं खरवडलं. “तो म्हणाला, पापणी पडायला शंभर कारणं असतात. म्हातारपणी कातडं सैल होतं, कुणाला जन्मापासून असतं. त्याच्याकडे एक बाई येते, सकाळी डोळे टक्क उघडे, संध्याकाळी मिटलेले. तिला नुसत्या गोळ्यांनी बरं वाटलं. म्हणाला, हे तुमच्या घरचं दुखणंच नाही. पापणीला काही झालेलं नाही. तिची नस छातीतून वर येते, आणि तिथं ती कशानं तरी दाबलीय. त्याच दिवशी खाली पाठवून छातीचा फोटो काढला.”

“कुठं आहे?”

“फुप्फुसाच्या टोकाला. खांद्याच्या आत. मणक्यात शिरलंय.”

ह्यूगेत पिठाच्या पिंपावर बसली. मग म्हणाली, “मीच त्याला म्हटलं, थांब. त्यानं नोव्हेंबरात फोनवर विचारलं होतं, गावच्या डॉक्टरला दाखवू का? मी म्हटलं, त्या गावठी माणसाला काय कळतंय, मी नंबर लावलाय, माझा सर्जन अर्ध्या तासात उचलून देईल पापणी. मी म्हटलं, कोलेत. मीच.”

“तू थांब म्हणालीस. पापा जाऊच नको म्हणाले. आत्यानं मेणबत्ती लावली. रेजाँनं आपली नाही पडली म्हणून नाचायचं बाकी ठेवलं. मी एकटी तीन महिने भिंतीशी बोलत होते.” कोलेतचा आवाज चढला नाही, ती थकली होती. “एकोणीस तारखेला छातीच्या डॉक्टरनं मला बाहेर सांगितलं. ऑक्टोबरात आणलं असतं तर कापून काढायचा प्रयत्न केला असता म्हणाला. फेर्नाँ आत शर्टाची बटणं लावत होता. दार उघडं होतं. ऐकलं त्यानं.”

“पापांना हे नाही सांगायचं.”

“का नाही सांगायचं?”

“अठ्ठ्याहत्तर वर्षांचा माणूस आहे.”

“माझा चोपन्नचा आहे.” कोलेत दाराकडे वळली. “मला फार काही नको, ह्यूगेत. मला त्यांच्या तोंडून एकदा ऐकायचंय, की कोलेत, तू म्हणत होतीस ते बरोबर होतं. एवढंच. मग मी त्यांचं कुटलेलं मांस मरेपर्यंत कुटीन.”

दार उघडून फेर्नाँ आत आला. महिन्याभरात त्याची कॉलर दोन बोटं सैल झाली होती. डावा हात त्यानं पट्ट्यात अडकवून ठेवला होता, दुखू नये म्हणून. बायकोचा चेहरा बघून त्याला कळलं.

“सांगितलंस.”

“मी विचारलं,” ह्यूगेत म्हणाली. तिनं उठून त्याच्या चांगल्या खांद्यावर डोकं टेकलं. दोघं भावंडं तशीच उभी राहिली, मांसाच्या पोळ्यांच्या मध्ये.

“ऐका दोघी,” तो म्हणाला. “मला मरायचं भय आहे, खोटं कशाला बोलू. पण पापांनी मला मारलं असं या घरात नंतर म्हटलं जाईल, याचं जास्त भय आहे. ते नकोय मला. सहा तारखेला मी सांगीन, माझ्या पद्धतीनं.”

“तुझ्या पद्धतीनं म्हणजे खोटं,” कोलेत म्हणाली.

“हो.”

“मी नाही तुझ्यासाठी खोटं बोलणार.”

“तू गप्प बस. तुला खोटं जमतही नाही.”

बाहेरून रेजाँ ओरडत होता, आशीर्वादाची वेळ झाली, पोरं बर्फातून आत आली, गुडघे ओले आहेत तोवर टेकून घ्या.

*

ओव्हीद खिडकीशी बसला होता. बाहेर नदी गोठून पांढरी झाली होती. तिला आम्ही समुद्र म्हणतो, कारण पलीकडचा काठ स्वच्छ दिवशीच दिसतो. त्याच्या चष्म्याच्या काचांमागे बारीक तारेचे दोन आकडे होते, ते पापण्यांना खालून उचलून धरत. डोळे मिटत नाहीत म्हणून अर्ध्या तासानं झोंबायला लागायचे. मग तो चष्मा काढायचा, आणि जग पुन्हा एका फटीएवढं व्हायचं.

त्या फटीतून त्याला हल्ली बरंच दिसत होतं. आणि जे दिसलं ते त्यानं कुणाला बोलून दाखवलं नव्हतं.

फेर्नाँ आईवर गेला होता. तेच गोल डोळे, तीच सरळ मान. लहानपणापासून लोक म्हणायचे, हा काही लिझोत वाटत नाही. रेजाँ भित्रा, ह्यूगेतनं आपलं तोंड शिवून घेतलं. राहिला होता तो फेर्नाँ. आणि ऑक्टोबरात त्याची पापणी पडली, तेव्हा ओव्हीदला बरं वाटलं होतं. वाईटही वाटलं, पण आधी बरं वाटलं. संथ टेबलावर बायको गेल्यापासून तो आणि लोरेत दोघंच, आणि लोरेत जेवताना सतत बोलते. आता मुलगा शेजारी बसेल, असं त्याच्या मनात आलं होतं. या गोष्टीची त्याला हल्ली फार शरम वाटत होती.

“लोरेत,” त्यानं हाक मारली. बहीण पायाशी चटई सरळ करत होती. “तुझी डावी आधी पडली की उजवी?”

“दोन्ही. आरशात बघितलं तर दोन्ही.”

“किती दिवसांच्या अंतरानं?”

“अंतर कसलं? आपल्यात एक कुणाची पडते?” लोरेत थांबली. “म्हणजे थोडं कमीजास्त असतं. पण...”

“बापाची?”

“दोन्ही.”

“आजोबांची मला आठवते. दोन्ही.”

लोरेत चटईवर बसूनच राहिली. मान मागे टाकून ती भावाकडे बघायला लागली, आणि भाऊ खिडकीकडे बघत होता. तिनं लावलेल्या त्या मेणबत्तीची तिला आठवण झाली असेल.

“सगळ्यांना बोलाव,” ओव्हीद म्हणाला.

*

आमच्या किनाऱ्यावर एक जानेवारीला थोरल्या मुलानं बापाकडे आशीर्वाद मागायचा असतो. शहरात आता ते उरलेलं नाही, पण लिझोतांकडे कधी चुकलं नाही. बैठकीच्या खोलीत सगळे गुडघ्यांवर बसले. पुढे फेर्नाँ, त्याच्या मागे ह्यूगेत, रेजाँ आणि त्याची बायको, मग नातवंडं ओल्या मोज्यांनिशी. कोलेत दाराजवळ, जिथं सुना बसतात तिथं.

फेर्नाँ गुडघ्यावर येताना डावा हात टेकायला गेला, आणि हात त्याला धरू शकला नाही. रेजाँनं मागून त्याला सावरलं.

“म्हातारा झालास रे,” रेजाँ म्हणाला. “एक पापणी काय पडली, लगेच...”

“गप्प बस, रेजाँ,” ह्यूगेत म्हणाली. तिचा आवाज असा होता, की रेजाँ खरोखर गप्प बसला.

“पापा,” फेर्नाँ म्हणाला, “तुमचा आशीर्वाद द्याल का आम्हाला?”

ओव्हीदनं हात उचलला नाही. त्यानं चष्मा काढून मांडीवर ठेवला. दोन्ही हातांच्या अंगठ्यांनी स्वतःच्या पापण्या वर ओढून धरल्या आणि तो पुढे वाकला. म्हाताऱ्याचे डोळे असे पूर्ण उघडे नातवंडांनी कधी बघितले नव्हते. ते निळे होते.

“वर बघ. खिडकीकडे. आता माझ्याकडे.”

“पापा, आधी आशीर्वाद...”

“माझ्याकडे बघ म्हटलं ना.”

फेर्नाँनं बघितलं. ओव्हीदनं बराच वेळ घेतला. वामीच्या टोपलीत हात घालून तो मासा पारखायचा, तेव्हाही एवढा वेळ लावत नसे.

“बाहुली लहान आहे,” तो म्हणाला. “आणि कपाळाला आठी नाही. आपण पापणी उचलायला धडपडतो, तशी तुझी धडपडच नाही. ही आपली नाही, फेर्नाँ. दुसरी पडणारच नाही. हो ना?”

“नाही पडणार,” फेर्नाँ म्हणाला.

“कसली आहे मग?”

“छातीतली. वर, खांद्याच्या मागे. तिथली नस डोळ्यापर्यंत येते म्हणे.” तो गुडघ्यांवरच होता. “गाठ आहे, पापा. खराब.”

“काढता येत नाही?”

“नाही. किरणं देतील, दुखणं कमी व्हायला. उन्हाळ्यापर्यंत म्हणतात.”

रेजाँच्या तोंडून कसलासा आवाज आला. ओव्हीदचे अंगठे खाली आले आणि पापण्या मिटल्या, दाराच्या फळ्या मिटाव्यात तशा. मिटलेल्या डोळ्यांनी तो बोलला.

“मी तुला जाऊ नको म्हटलं होतं. हंगाम आहे म्हटलं होतं.”

“त्यानं काही झालं नाही.”

“मी पट्टी लावली तुझ्या डोळ्याला. या हातांनी. मी आनंदानं लावली.”

“पापा, ऐका. मी विचारलं डॉक्टरला. ऑक्टोबरात आलो असतो तर? तो म्हणाला, तेच झालं असतं. पापणी पडली तेव्हाच उशीर झालेला होता. एका दिवसाचाही फरक पडला नसता.” फेर्नाँ हे एका दमात बोलला, पाठ केल्यासारखं, आणि मग त्याला खोकला आला.

ओव्हीदनं खोकला संपू दिला.

“तू माझ्याशी लहानपणापासून खोटं बोलतोस,” तो म्हणाला. “बोटीचं वल्हं मोडलंस तेव्हाही वाऱ्यानं मोडलं म्हणालास. चांगल्या मनानं बोलतोस, पण बोलतोस.” त्यानं चेहरा दाराकडे वळवला. डोळे मिटलेलेच होते, तरी तोंड बरोबर तिच्या दिशेला होतं. “कोलेत.”

“हं.”

“तू होतीस तिथं?”

“होते.”

“तू या घरात आल्यापासून मला बरं वाटावं म्हणून एक शब्द बोलली नाहीस. माझ्या बायकोच्या आजारातसुद्धा नाही. मला त्याचा राग यायचा. आज तूच सांग. डॉक्टर असं म्हणाला?”

कोलेतला वाटलं, हीच ती वेळ. एकोणीस तारखेपासून रोज रात्री पडल्या पडल्या ती हे वाक्य मनात जुळवत होती, कधी एका शब्दानं कमी, कधी जास्त. ते आत्ता तिच्या जिभेवर होतं. तिनं म्हाताऱ्याकडे बघितलं. त्याचे अंगठे अजून अर्धवट वर होते, पापण्या पुन्हा उचलाव्यात की नाही हे ठरत नसल्यासारखे. फेर्नाँनं मागे वळून बघितलं नाही. त्याची मान तिला दिसत होती, सैल कॉलरमधून वर आलेली.

“हो,” ती म्हणाली. “असंच म्हणाला.”

“तेच झालं असतं?”

“तेच झालं असतं, पापा. मी दोनदा विचारलं.”

ह्यूगेतनं खाली बघून तोंडावर हात धरला. ओव्हीदनं मान हलवली, एकदा, मग आणखी एकदा. त्याला ते पटलं की नाही, हे त्यानं पुढे कधी कुणाला सांगितलं नाही. तो पुटपुटला, “तूच एकटी म्हणत होतीस, दाखवू या,” आणि ते इतकं हळू होतं, की दारापर्यंत पोचलं नसावं. पण फेर्नाँनं ते ऐकलं, आणि संध्याकाळी त्यानं ते तिला सांगितलं.

मग म्हाताऱ्यानं हात उचलला. तो फेर्नाँच्या डोक्यावर ठेवला. रीत हात हवेत धरायची असते, सगळ्यांसाठी, पण त्यानं ठेवलाच. दुसऱ्या हातानं त्यानं क्रूस काढला.

आमच्याकडे हा आशीर्वाद ठरलेला आहे. घराघरात तोच, लहान पोरांनाही पाठ: नवं वर्ष सुखाचं जावो, भरपूर आरोग्य लाभो, आणि दिवसांच्या शेवटी स्वर्ग मिळो. एका श्वासात म्हणायचा आणि जेवायला बसायचं. दुकानात, चर्चच्या पायऱ्यांवर, फोनवर सगळे तेच म्हणतात. अर्थाकडे कुणाचं लक्ष नसतं.

“नवं वर्ष सुखाचं जावो,” ओव्हीद म्हणाला. तो थांबला. “भरपूर...” त्यानं पुन्हा सुरुवात केली. “भरपूर आरोग्य लाभो.”

नातवंडांचे ओठ पुढच्या शब्दांसाठी हलायला लागले होते. धाकटी नात तर म्हणूनही गेली, आणि एकटीचाच आवाज ऐकून तिनं तोंड मिटलं.

शेगडीत लाकूड तडकलं. लोरेतनं थोडी वाट बघितली आणि रडका आवाज सावरत म्हणाली, “ओव्हीद, राहिलं ना. दिवसांच्या शेवटी...”

“राहिलं नाही,” तो म्हणाला. त्याची बोटं मुलाच्या केसांत घट्ट रुतली होती. “यंदा एवढंच.”

सगळे गुडघ्यांवरच बसून राहिले, कारण उठा असं तो म्हणेना.